सखुबाईच्या शेजारची खुर्ची

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. गेल्या श्रावणात नाशिकच्या एका स्कॅन सेंटरमध्ये हे घडलं.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

सायखेड्याच्या ललितची आई, सखुबाई. बसल्या बसल्या तिचा चेहरा लालबुंद व्हायचा. पोट बिघडायचं. गल्लीतल्या बाया हसायच्या, "काय सखुबाई, आज कुठली घेतली?"

ललितलाही तोच संशय होता. आई झोपली की तो तिच्या तोंडाचा वास घ्यायचा.

तिची थोरली बहीण मंगलाबाई, तिचंही असंच व्हायचं. नवऱ्याने दारुडी म्हणून हाकलून दिलं. ती ललितच्या दारात आली, तेव्हा त्याने कडी काढली नाही. मागच्या उन्हाळ्यात ती वारली.

मग एका डॉक्टरांना वेगळीच शंका आली. आतड्यात एखादी बारीक गाठ दडली असेल. ती रक्तात रसायन सोडते, म्हणून चेहरा लाल होतो. सोनोग्राफीत ती दिसत नव्हती. अशा गाठीसाठी शिरेतून किरणोत्सर्गी औषध देतात. ते गाठीला चिकटतं आणि स्कॅनमध्ये ती उजळते.

इंजेक्शननंतर सखुबाईला जाड भिंतींच्या खोलीत एकटीला बसवलं. ललित बाहेर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत होता.

आई शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून बोलत होती...

तिने पाण्याची बाटली पुढे केली...

मग तोंडाला पदर लावून हसली.

स्कॅन आटोपल्यावर टेक्निशियन मेहविश किरणं मोजायचं यंत्र घेऊन ती खोली तपासायला गेली. आईच्या खुर्चीपाशी यंत्र जवळजवळ गप्प. शेजारच्या खुर्चीपाशी...

खर्र... खर्र...

"काही सांडलं असेल," ती पुटपुटली. तिने खुर्ची पुसली. यंत्र वर उचललं. बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर ते तडतडत सुटलं.

तिथे फक्त हवा होती.

"दादा, इथे कोण बसलं होतं?" तिने आतूनच ललितला विचारलं.

उत्तर बाहेरच्या बाकावरून आलं. "मंगलाक्का," आई म्हणाली. "म्हनली, माझंबी तपासा. मी कधी पेले नाय, ललितला कळू दे."

मेहविशने यंत्र खुर्चीवरच ठेवलं आणि ती दारात आली.

"तिला घरी चल म्हन, बाळा. तू म्हनलास तरच उठंल ती."

ललितने तोंड उघडलं. पण समोर मेहविश होती, वॉर्डबॉय होता, दुसऱ्या पेशंटची माणसं होती. रिकाम्या खुर्चीशी बोलायची त्याला लाज वाटली.

तो आईला घेऊन निघाला. मागे खरखर चालूच होती...

गाठ सापडली. वाटाण्याएवढी. ऑपरेशन झालं. आईचा चेहरा आता लाल होत नाही.

सेंटरने ती खुर्ची टाकून दिली. औषधाचा प्रभाव काही तासांत विरतो, हे मेहविशला पाठ आहे. तरी त्या कोपऱ्यात यंत्र अजून तडतडतं, असं तिने ललितला फोनवर सांगितलं.

पुढच्या महिन्यात आईला फेरतपासणीसाठी पुन्हा तिथेच न्यायचंय. परवा जेवताना तिने विचारलं, "या टायमाला तरी बोलशील ना रे तिच्याशी?"

ललितने भाकरीचा तुकडा मोडला.

"तिथं माणसं असतात गं आई," एवढंच तो म्हणाला.