गळाचा वेग शून्य

देवगड बंदरालगतच्या सागरी प्रयोगशाळेत सकाळी अकराच्या सुमारास जनार्दन कोयंडे आले आणि हातातली नळी टेबलावर ठेवत म्हणाले, "डॉक्टर, तुमचा मापक खोटं बोलतो. परत घ्या."

डॉ. वैदेही तारींनी नळी उचलून पाहिली. बोटभर लांबीचा हा गळवेगमापक त्यांनीच घडवला होता. चालत्या बोटीमागे गळ ओढून सुरमई धरणाऱ्यांना वेग फार जपावा लागतो. गळाचा बनावट मासा रेंगाळला, तर सुरमई त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून ही नळी गळाच्या थोडी वर बांधायची. ती ध्वनिलहरी सोडून गळाजवळून सरकणाऱ्या पाण्याचा वेग मोजते आणि दोरीतल्या बारीक तारेतून तो आकडा बोटीवर पाठवते.

"काय झालं, काका?"

"उत्तरेला जाताना उपग्रह सांगतो, बोट सहा नॉटनं चाललीय. हा सांगतो साडेचार. बोट वळवून दक्षिणेला आणली, तर उपग्रह सहाच सांगतो आणि हा साडेसात. गळ बोटीलाच बांधलेला आहे ना?"

शेजारच्या टेबलावरून सागरी प्रवाहांचे अभ्यासक डॉ. नसीम होडेकर वळले. "सुरमई कधी लागली?"

"दक्षिणेला येताना. सात लागल्या."

"मग मापक खरं बोलतोय. उपग्रह मोजतो तो भूवेग, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं बोट किती सरकली ते. माशाला जमीन दिसत नाही, काका. त्याला कळतो तो जलवेग. तुमचा गळ पंधरा मीटर खाली होता. तिथलं पाणी दीड नॉटनं उत्तरेला वाहत असणार. त्याच्याबरोबर जाताना गळाचा वेग दीडनं घटतो, उलट येताना दीडनं वाढतो."

"पण वर पाणी दक्षिणेला वाहतंय. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"वर दक्षिणेलाच वाहतंय. या दिवसांत खालचा थर उलट वाहू शकतो. किती आणि कुठे, हे मोजल्याशिवाय कळत नाही."

कोयंडे काही विचारणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मच्छीमार सोसायटीचा होता. ऐकता ऐकता ते खुर्चीवर बसले. सकाळी सहा वाजता एका बोटीकडून संकटाचा तुटक संकेत आला होता, आणि ती बोट कुणाची हे आत्ता कळलं होतं. ती त्यांच्या थोरल्या भावाची, गजाननदादांची निघाली. दादांसह चौघे समुद्रात रात्रीचं जाळं टाकून बसले होते. हेलिकॉप्टर सकाळपासून दक्षिणेला शोधत होतं. काहीच सापडलं नव्हतं.

"दक्षिणेलाच का?" वैदेहींनी विचारलं.

"वरचं पाणी आणि वारा धरून हिशेब केला असणार," होडेकर म्हणाले. मग त्यांनी कोयंड्यांना विचारलं, "जाळं केवढं होतं?"

"हजार मीटर लांब. पंधरा-सोळा मीटर खोल. बोटीला बांधलेलंच असतं."

होडेकर आणि वैदेही यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, बोट उलटली असली, तरी जाळं खाली तसंच उभं असेल," वैदेही म्हणाल्या. "ते पाण्यातलं शीड आहे. बोटीपेक्षा किती तरी पट मोठं. वरचं पाणी बोटीला दक्षिणेला ढकलेल, पण जाळं तिला उत्तरेला ओढून नेईल."

होडेकरांनी शोधपथकाला फोन लावला. हेलिकॉप्टर इंधनासाठी दूरच्या तळावर परतलं होतं, त्याला पुन्हा यायला संध्याकाळ होणार होती. "तुम्ही जवळ आहात, तुम्ही निघा," पथकप्रमुखांनी सांगितलं.

दोनच्या सुमारास कोयंड्यांची बोट संकेत आला त्या जागी पोचली. वैदेहींनी नळीला शिशाचं जड वजन बांधून ती पंधरा मीटर खाली सोडली.

"आता किती वेग ठेवू?"

"नळीचा आकडा शून्य होईल एवढा."

"शून्यावर कोण मासे धरतं?"

"नळी आणि खालचं पाणी एकाच वेगानं, एकाच दिशेनं चाललं की आकडा शून्य होईल. त्या क्षणी उपग्रह आपला जो वेग आणि जी दिशा दाखवेल, ती जाळ्याची चाल."

कोयंड्यांनी सुकाणू घट्ट धरलं. इंजिन किंचित लावायचं, सोडायचं, बोटीचं तोंड थोडं वळवायचं, पुन्हा लावायचं. आकडा एकवर आला, अर्ध्यावर आला, पुन्हा चढला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वीस मिनिटांनी पडद्यावर शून्य स्थिरावलं.

"एक पूर्णांक दोन दशांश नॉट," होडेकरांनी उपग्रहाचा आकडा वाचला. "उत्तरेला, जरा पश्चिमेकडे. उलटलेली बोट थोडी मागे खेचणार, म्हणून एक धरा. सकाळी सहापासून दहा तास, म्हणजे चार वाजता ते इथून दहा सागरी मैलांवर असतील."

कोयंड्यांनी बोट पूर्ण वेगानं उत्तरेला सोडली.

चारला दहा मिनिटं असताना वैदेहींना पाण्यावर पांढरी कड दिसली. बोटीचा उपडा तळ होता तो. त्यावर चौघे जण एकमेकांना धरून पालथे पडले होते. आवाज ऐकून गजाननदादांनी मान वर केली आणि नुसता हात हलवला.

चौघांना वर घेतलं. दादांचे ओठ मिठानं फुटले होते. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "जाळं कापलं नाही. त्याच्या ओढीनं बोटीचं तोंड लाटेकडे राहत होतं. नाहीतर दुपारपर्यंत आम्ही टिकलो नसतो."

"बरं केलंत," होडेकर म्हणाले. "आता कापायला हरकत नाही. आधी तुम्हाला किनाऱ्याला नेऊ, बोट उद्या ओढून नेता येईल; जाळ्यासकट ती ओढली जायची नाही."

कोयंडे सुरी घेऊन वाकले आणि त्यांनी जाळ्याचा दोर कापला.

उपडी बोट जागच्या जागी थोडी डुलली आणि हळूहळू दक्षिणेला सरकू लागली. जाळ्यावर तरंगणाऱ्या बोयांची रांग उत्तरेकडे चालली होती. दोन्हींमधलं पाणी रुंदावत गेलं. बोट एकीकडे आणि जाळं दुसरीकडे जाताना गजाननदादा बराच वेळ बघत राहिले.

"जना," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं फक्त वरच्या समुद्रावर होतो रे."

वैदेहींनी वेळ आणि जागा टिपून घेतली आणि शोधपथकाला कळवलं, "चौघेही सुखरूप आहेत. बोट मात्र उद्या दक्षिणेला शोधा."