तीन वाट्यांची खिडकी

“तुम्हाला दही आवडतं?”

अनोळखी पुरुषाने पहिल्याच वाक्यात विचारावा असा हा प्रश्न नव्हे. त्यातून समोरच्या मुलीच्या दोन्ही हातांत वजनांची जड पेटी आणि दार तिने खांद्याने ढकलून धरलेलं...

अन्नसंशोधन संस्थेतले सगळे वजनकाटे खरं बोलतात की नाही हे तपासणं तिचं काम. म्हणून सगळे तिला काटेवाली म्हणत. त्या सकाळी ती दुग्धविभागातला काटा तपासायला आली होती, आणि पांढऱ्या कोटातला एक उंच, गोंधळलेला तरुण तिच्याकडे बुडत्याला काडी दिसावी तसा बघत होता.

“आवडतं. का?”

“माझी एक चाखणारी आली नाही. बारा लागतात, अकराच आहेत. पाच मिनिटं फक्त... प्लीज?”

“अहो, पण मी काटा तपासायला—”

“काटा कुठे पळून जात नाही. माझं दही मात्र मिनिटामिनिटाला आंबतंय.”

ती हसली, आणि तिथेच घात झाला.

त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. ‘नियमित औषध घेता का?’ ‘एखादा पदार्थ पचत नाही का?’ तळाशी जाड अक्षरांत लिहिलं होतं : माहिती खोटी निघाल्यास त्या व्यक्तीचे सर्व आकडे बाद.

चार वर्षं ती रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेत होती. दूध प्यायली की पोटात ढोल वाजत, त्याला ती ‘गॅस’ म्हणून मोकळी होई. पण तो टेबलावर वाकून कुठे सही करायची ते दाखवत होता, त्याच्या बाहीला कोमट दुधाचा वास येत होता... आणि पाचच मिनिटांचा तर प्रश्न होता! तिने दोन्हीकडे ‘नाही’वर खूण केली.

न आलेली बाई पुढेही आली नाही. तो मात्र काट्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“रोज सकाळी आठला याल? तुमची जीभ फार तिखट आहे... म्हणजे, तल्लख आहे.”

“आई पहिलाच शब्द वापरते,” ती म्हणाली. आणि रोज जाऊ लागली.

चाखण्याची पद्धत मोठी मजेशीर होती. प्रत्येकाला कपाटाएवढी वेगळी खोली. दह्याचा रंग कळू नये म्हणून वर लाल दिवा. समोरच्या भिंतीत हातभर खिडकी. ती वर सरके, एक हात तीन लहान वाट्या आत ठेवी, आणि ती खाली येई. वाट्यांवर नुसते आकडे. बोलायचं नाही, शेजारी डोकावायचं नाही. म्हणजे रोज तिला दिसायचा तो फक्त त्याचा हात. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, बोटाला शाई, आणि वाट्या ठेवून झाल्या तरी तो हात उगीचच क्षणभर रेंगाळे.

बोलायला मनाई होती. लिहायला नव्हती.

‘४१७ : आंबट, पण मनाने चांगलं,’ तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वाटीखाली चिठ्ठी आली. ‘कृपया शास्त्रीय भाषा वापरावी.’

‘५३२ : घट्ट. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर दही बनवणाऱ्यासारखं. लवकर हलत नाही.’

खिडकीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. चमचा असावा. ती दिवसभर गुणगुणत होती.

आठला पोचायचं म्हणून ती पावणेआठला घाईघाईने गोळी गिळे आणि पळत सुटे. गोळीनंतर तासभर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला घड्याळ कोण दाखवणार?

आईने दाखवलं. अकराव्या आठवड्यात तिने फणी नाकासमोर धरली.

“हे केस बघ. उशी भरेल एवढे! आणि या उकाड्यात स्वेटर? जेवताना पेंगतेस, विचारलं तर गालात हसतेस. नक्की आजार कुठला आहे तुला?”

“दोन आहेत बहुतेक,” ती पुटपुटली.

एका आजाराचा आकडा रक्ताच्या अहवालात आला. थायरॉईडचं काम दाखवणारा टीएसएच चारच्या आत हवा, तो अडीचवरून साडेअकरावर गेला होता.

“गोळी चुकली का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“एकदाही नाही.”

“गोळीनंतर काय खाता?”

“...दही.”

“किती वेळाने?”

“पंधरा मिनिटांनी. तीन वाट्या. पण लहान असतात हो!”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “दुधातलं कॅल्शियम गोळीची वाट अडवतं. त्यातून तुमच्या पोटात ढोल वाजतात म्हणता. दुधातली साखर पचत नसेल, तर काही जणांत गोळी नीट शोषली जात नाही. मग डोस वाढवत बसलं तरी आकडा खाली येत नाही. तेव्हा आधी श्वासाची तपासणी करू, खरंच पचत नाही का ते बघू. तोवर दूध-दही बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.”

घरी जाताना तिला आकड्यांची भीती नव्हती, भीती खिडकीची होती. खरं सांगितलं तर तिचे आकडे बाद, बाराचे अकरा, त्याचं एवढं काम कोसळणार. आणि खोट्या फॉर्मवर सही करणारीचं तोंड तो कशाला बघेल? न सांगावं, तर रोज तीन वाट्या... काट्यांचा खोटेपणा शोधून पगार घेणारी आपण, आणि आपलंच माप खोटं!

सकाळी लाल दिव्याखाली तिने वाट्यांना हात लावला नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘माझे सगळे आकडे बाद करा. मी फॉर्मवर खोटं लिहिलं. थायरॉईडची गोळी रोज पावणेआठला घेते, दूधही बहुधा पचत नाही. तब्येत बिघडली आहे. पाच मिनिटांसाठी खोटं बोलले, मग रोज तुमचा हात बघायला येत राहिले. माफ करा.’

कागद खिडकीतून गेला. ती निघायला उठली.

दार उघडलं. तो समोर उभा होता, पांढराफटक.

“रोज? गोळीनंतर लगेच?”

“हो. तुमचा अभ्यास...”

“तो तीन आठवड्यांपूर्वीच संपला.”

“काय?”

“बाकीचे अकरा कधीच यायचे थांबले. शेजारी डोकावायची मनाई ना, म्हणून तुम्हाला कळलं नाही.” तो बुटांकडे बघत बोलत होता. “तुम्हाला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायचं रोज ठरवत होतो... आणि रोज वाट्या भरत होतो.”

“आणि त्या तीन वाट्या?”

“तिन्ही एकाच भांड्यातल्या.”

“काल मी एकीला उर्मट म्हटलं, दुसरीला शालीन!”

“जपून ठेवलाय तो कागद.” मग त्याचा आवाज खाली गेला. “पण घट्टपणासाठी मी त्यात दुधाची पावडरही घालतो. तीन आठवडे... काही कारण नसताना. मी तुम्हाला आजारी पाडलं.”

तिला रागवायचं होतं. पण पोटात भलतंच काहीतरी नाचत होतं, आणि या खेपेला ते दूध नव्हतं.

“आणि माझ्यामुळे तुमचे आठ आठवडे बुडाले?”

“बारावा माणूस शोधून पुन्हा करीन. या वेळी वरिष्ठांना सगळं खरं सांगून.”

“आपण दोघंही शास्त्राला कलंक आहोत,” ती म्हणाली. “सोमवारी माझी श्वासाची तपासणी आहे. तीन तास बसायचं, दर अर्ध्या तासाला एकदा फुंकर मारायची.”

“म्हणजे मधली एकोणतीस मिनिटं मोकळी?” त्याचे डोळे चमकले. “मी येतो!”

सोमवारी तपासणीच्या खोलीतल्या काकूंनी तिला गोड पाण्याचा पेला दिला. ते दुधातल्या साखरेचं पाणी होतं. साखर पचली नाही तर आतड्यात हायड्रोजन वायू तयार होतो आणि श्वासातून बाहेर येतो, म्हणून ही फुंकर. पहिल्या दोन फुंकरींना आकडा जेमतेम हलला. तोवर त्यांचं लहानपण, शाळा आणि त्याची भांडखोर आत्या सांगून झाली. तिसऱ्या फुंकरीला आकडा उडाला.

“पचत नाही हो तुम्हाला,” काकूंनी मान हलवली.

चौथ्या फुंकरीची वेळ होत आली तेव्हा तो गंभीर होऊन म्हणाला, “मग घरातलं दूध-दही बंद करायला हवं.”

“आई कालच म्हणाली.”

“तुमच्या नाही. माझ्या घरातलं.”

“तुमच्या कशाला? दहा प्रकारचं दही लावता तुम्ही घरी!”

“कारण...” तो पुन्हा बुटांकडे बघू लागला. “मला वाटतं... तू तिथे राहायला यावंस. लगेच नाही! आधी तुझा आकडा खाली येऊ दे, आईंना विचारू दे. पण... येशील?”

तिचे कान तापले. ‘तू’ हा एवढासा शब्द किती डिग्रीला उकळतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“चौथी फुंकर!” काकूंनी नळी पुढे केली. “आणि हसू नका बाई, सगळी हवा वाया जातेय.”

“काकू,” ती म्हणाली, “आधी फुंकू, की आधी ह्याला उत्तर देऊ?”

काकूंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आधी ‘हो’ म्हणून टाका. श्वास मोकळा होईल.”