मानेवरची नखं

आठ

पडद्यापलीकडचा माणूस हसत होता.

टक-टक-टक-टक चालू होतं, म्हणजे मशीन त्याच्यावर लागलेलं होतं. त्या मशीनखाली कुणी हसत नाही. मी पहिल्या दिवशी ओठ चावून रक्त काढलं होतं. बंदुकीसारखी मूठ, टोकाला धातूचं गोल तोंड. गार जेल चोपडून ते कोपरावर टेकवतात आणि मग आत, स्नायूची दोरी हाडाला चिकटते नेमकं तिथे, कुणीतरी बारक्या हातोडीने ठोकत राहतं. शॉकवेव्ह. जुनं, मुरलेलं दुखणं ठोकून जागं करायचं, म्हणजे शरीर ते पुन्हा दुरुस्तीला घेतं, असं फिजिओथेरपीवाल्या वैष्णवी मॅडम सांगतात. त्यांना सांगायला काय जातं.

"दहापैकी किती?" पलीकडे मॅडम विचारत होत्या.

"बारा."

"आकाश, नीट सांगा. खोटं बोललात तर मला जागा सापडणार नाही."

"आठ... आयला! नऊ, नऊ."

आणि लाईट गेली.

मशीन थांबलं. पंखा थांबला. खालच्या जीन्सच्या कारखान्यातल्या शिलाई मशिनी एकदम गप्प झाल्या. एवढी शांतता आमच्या कॅम्प पाचच्या वस्तीत लाईट गेल्याशिवाय मिळत नाही. मॅडम चौकशीला बाहेर गेल्या. राहिलो दोन कॉट, एक हिरवा पडदा, आणि आम्ही.

"तुमचं कुठलं?" पडदा म्हणाला.

"उजवं कोपर."

"माझं डावं. काय उचलता?"

"काही नाही. पाण्याचे हंडे."

"सेम. काही नाही. गॅस सिलेंडर."

तो शर्ट घ्यायला बाहेर आला तेव्हा माझ्याकडे पाठ होती. उंच, जरा वाकलेला. केसांच्या खाली, मानेवर, नखांच्या खुणा. चार ताज्या, त्यांच्याखाली सुकलेल्या, त्यांच्याखाली काळपट पडलेल्या.

बायकोवाला आहे, मी मनात म्हणाले. पाच मिनिटांच्या ओळखीत अपेक्षाभंग व्हायचं काही कारण नव्हतं... पण झाला खरा.

"सिलेंडरला नखं असतात वाटतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याचा हात मानेवर गेला. तो वळला. आधी लाजला, मग माझ्याकडे बघतच राहिला. माझ्या तोंडाकडे नाही, खाली. माझी ओढणी मानेवरून सरकली होती.

"हंड्यांना पण असतात," तो हळूच म्हणाला.

मी ओढणी वर घेतली. उशीर झाला होता.

"आई," तो म्हणाला.

"बाबा," मी म्हणाले.

सात

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलायचं तर त्याला कॉटच्या कडेला बसवायचं, त्याने आपल्या गळ्यात हात टाकायचा, आपण कमरेला धरून वर घ्यायचं. वर घेताना माणूस घाबरतो. दर वेळी घाबरतो. आणि घाबरला की धरतो.

आकाशच्या आईचे, सरस्वतीबाईंचे, सगळे सांधे संधिवाताने आखडले होते. माझ्या बाबांचा, जनूशेठचा, उजवा भाग लकव्याने गेला, त्यासोबत वाचाही गेली. आकाश अंबरनाथला एमआयडीसीत लेथवर, मी ह्याच कारखान्यात खाली, पँटींचे सुटे धागे कापायला. आईला बघायला घरी तो एकटा. बाबांना बघायला खरवईला मी एकटी.

मॅडमनी त्या दिवशी मला स्पष्ट सांगितलं, "मशीन मारल्यावर दोन दिवस काही उचलायचं नाही. तू उचलतेस. असंच चाललं तर दोरी तुटेल. मग ह्या हाताने चहाचा कप उचलला तरी खूप."

मी भावाला फोन केला. धर्मेश कल्याणला असतो. तो म्हणाला, "मग आश्रमात ठेवू या ना बाबांना, बाय. पैसे मी भरीन."

म्हणजे माझा हात चालेल तोवर बाबा घरात. इतकं सोपं होतं ते.

पुढच्या वेळी मॅडमनी आम्हा दोघांना थांबवलं. "तुम्ही ऐकणार नाहीच. निदान नीट उचलायला तरी शिका. जिज्ञासा, खुर्चीत बस, तू पेशंट. आकाश, उचला हिला."

त्याने बाह्या दुमडल्या. उगाच.

"गळ्यात हात टाका," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"एकच टाकलात तर दुसऱ्याला वाईट वाटेल."

"बडबड नको," मॅडम म्हणाल्या. "गुडघे वाकवा. जोर पायातून. कोपर अंगाला चिकटवून."

"मी जड आहे हां," मी म्हणाले.

"आई पण हेच म्हणते. आणि मग अंग सैल सोडते."

"मग मी काय करू?"

"काही करू नका. तेच तर... काही करू नका."

खुर्चीतून कॉटवर. वीतभर वर, हातभर बाजूला. बस. त्याच्या शर्टाला लेथचं तेल आणि बामचा वास होता. मला ह्याआधी शेवटचं कुणी उचललं तेव्हा मी फ्रॉक घालत असेन. मी हे आधी कधी मोजलं नव्हतं, आणि वर गेल्यावर एकदम, काही कारण नसताना, मला भीती वाटली. पडू म्हणून नाही. ठेवून देईल म्हणून.

कॉटवर टेकले तेव्हा माझी नखं त्याच्या मानेत होती.

"लागलं?"

तो हसला नाही. "आता कळलं ना, ते का धरतात."

सहा

हिशोब त्याने मांडला. "तुझा उजवा बिघडला, माझा डावा. दोघांत मिळून एक धड माणूस होतो की नाही?"

कधी तुम्हीवरून तूवर आलो, लक्षात नाही.

कारखाना सुटला की मी अंबरनाथला जायची. दोघं मिळून सरस्वतीबाईंना खुर्चीत बसवायचो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्या. बोटं वाकडी झालेली, जीभ सरळ.

"ही कोण रे?"

"जिज्ञासा. तुला उचलायला आलीय."

"मला उचलायला, का तुला उचलून न्यायला?"

"आई!"

"ओरडू नको. माझे सांधे गेलेत, डोळे नाही." मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुझ्या घरी कोण?"

"बाबा. ते पण... असेच."

त्यांनी मला जवळ बसवलं. मग त्यांनी वाकड्या बोटांनी माझं कोपर चोळायला घेतलं. मला लागत होतं. मी हात काढला नाही. त्यांनाही लागत असणार.

सहाच

तो खरवईला आला त्या सकाळी दारातच थांबला.

"आधी त्यांना माझं आडनाव सांग."

"त्यांना बोलता येत नाही आकाश."

"ऐकू येतं ना?"

बाबांनी चाळीतल्या खोल्या भाड्याने दिल्या त्या आडनाव विचारून. आम्ही आगरी, तो बौद्ध. बाबा वाईट माणूस नव्हते, लोकांच्या अडीनडीला धावायचे. पण आडनाव विचारायचे.

"उगाच कशाला?" मी म्हणाले. "उचल ना. त्यांना काय कळतंय."

"म्हणूनच सांग. गुपचूप नाही हात लावणार मी कुणाला."

मी बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं. नाव. आडनाव. त्याच्या घरात भिंतीवर काय आहे, ते. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग तोंड भिंतीकडे केलं, आणि चांगला, डावा हात, सावकाश चादरीखाली ओढून घेतला.

मी चहा ठेवला. चहा उकळून उकळून काळा झाला.

"येतो," तो म्हणाला.

नऊ

मी एकटीने उचललं.

मी एकटीने उचललं.

कोपरात कट्टकन काहीतरी वाजलं, पण मी एकटीने उचललं.

त्याचे फोन येत राहिले. मी घेतले नाहीत. काय बोलणार होते? माफ कर म्हणू? कुणाच्या वतीने?

मग फोन यायचे थांबले. क्लिनिकमध्ये पलीकडची कॉट रिकामी असायची. मॅडम म्हणायच्या, दहापैकी किती, मी म्हणायची नऊ, त्या म्हणायच्या—टक-टक-टक—जिज्ञासा, हे असं—टक-टक—मशीन एका बाजूने बरं करतं आणि तू—टक-टक-टक-टक—

मी दाराकडे बघत असायची.

शून्य

दीड महिन्याने तो आवाज आला. पडद्यापलीकडून.

"दहापैकी किती?" मॅडमनी विचारलं.

"शून्य."

"काय सांगता! दाबलं तर?"

"नाही."

"इथे?"

"नाही दुखत मॅडम. हलकं आहे एकदम."

"वा! मी म्हटलं नव्हतं, आराम दिला की होतं बरं?" मॅडम खूश झाल्या. मग त्यांनाही कळलं असावं. त्यांनी हात मागे घेतला.

माझं कोपर जेलने माखलेलं होतं. मी तशीच उठले, पडदा सारला. तो पाठमोरा बसला होता. मान स्वच्छ होती. नवी खूण नाही, सुकलेली नाही. साधी, कुणाचीही असावी तशी मान.

माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. ते नंतर आलं. आधी आलं ते हे... की ह्याचं दुखायचं थांबलं.

जिन्यात आम्ही बसलो. खाली शिलाई मशिनी चालू होत्या.

"महिना झाला. सकाळी," तो म्हणाला. "मी वाकलो. नेहमीसारखा. आईचे हात गळ्यात आलेच नाहीत."

मी त्याच्या स्वच्छ मानेकडे बघितलं.

"तुला फोन केला होता. त्याच सकाळी."

"माहीत आहे. मी बघत बसले होते, वाजायचा थांबेपर्यंत."

"हं."

"आकाश, मला तुझा हेवा वाटला आत्ता." मी भिंतीकडे बघून बोलले. "तुझ्या शून्याचा. घाण आहे मी."

"मला वाटायचं तसं. रोज रात्री वाटायचं, कधी सुटेन." तो आपल्या डाव्या कोपराकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. "आता पहाटे हात आधी जागे होतात. मी झोपलेलाच असतो. हात उठून बसतात."

जिन्यावरून एक पोरगी जीन्सचा गठ्ठा घेऊन वर आली. आम्ही सरकून जागा दिली. ती गेल्यावर आम्ही परत लांब सरकलो नाही.

"लग्न करशील माझ्याशी?" त्याने विचारलं. असं, जिन्यात, घामट शर्टात.

मला हो म्हणायचं होतं. मला इतकं हो म्हणायचं होतं, की मी घाईत म्हणाले, "माझं कोपर बरं झालं ना, की लगेच—"

आणि जीभ चावली.

माझं कोपर बरं होणार कधी, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. कशाने होतं ते तो नुकताच सांगून चुकला होता. म्हणजे मी काय बोलले होते? थांब, म्हणाले होते. माझे बाबा जाईपर्यंत थांब.

"मग नको," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. बरोबरच होतं त्याचं.

"तसं नाही गं." त्याने माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, कोपराखाली तळवा दिला, जेलने बरबटला तरी. "बरं व्हायला नको म्हणतोय. दुखू दे. तुझं कोपर दुखत राहू दे, जिज्ञासा. मी म्हातारा होईपर्यंत दुखू दे."

आजवर मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. पुढे कुणी म्हणेल असं वाटत नाही.

रडणं उरकल्यावर मी विचारलं, "आणि उचलणार कोण?"

"माझे दोन्ही रिकामे आहेत."

"त्यांनी परत हात आत घेतला तर?"

"तर चहा पिऊन जाईन. उद्या परत येईन. फक्त चहा एवढा उकळू नको, त्या दिवशी काळा झाला होता."

"तू चहाकडे बघत होतास?"

"मग कुठे बघणार होतो?"

मोजलं नाही

तो आला. बाबांनी तोंड फिरवलं. त्याने चहा प्यायला आणि कामावर गेला.

तो परत आला. परत तसंच. धर्मेशचा फोन आला, आश्रमात जागा झालीय. मी म्हणाले, थोडं थांब.

मग एका सकाळी बाबांचं अंथरूण ओलं झालेलं होतं. पहाटेपासून असणार. मी उचलायला गेले, हात अर्ध्यातच सुटला, बाबा तिरपे कलंडले आणि त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही. आकाश दारात होता. चप्पल काढायलाही थांबला नाही. कॉटजवळ येऊन मात्र थांबला.

"काका," तो म्हणाला. "मी आकाश. आडनाव तुम्हाला माहीत आहे."

आणि वाकला. हात लावला नाही. नुसता वाकून राहिला, मान पुढे करून.

बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मी म्हणणार होते, जाऊ दे. आकाश, जाऊ दे.

चादर हलली. डावा हात बाहेर आला. चाचपत, खांद्यावर आपटला, घसरला, आणि मानेवर जाऊन बसला.

आकाशने कोपरं अंगाला चिकटवली, गुडघे वाकवले, आणि बाबांना वर घेतलं. बाबा घाबरले. मी बघितलं, चारही नखं आत गेली. कोऱ्या मानेवर.

खुर्चीत टेकवलं तरी बाबांची पकड सुटली नाही. डोळेही उघडले नाहीत.

"दुखतंय?" मी विचारलं. "सोडवू का त्यांची बोटं?"

"नको," तो वाकल्या वाकल्याच म्हणाला. "सोडतील ते. थांबतो मी."