श्रेडरमधली सळई

"सळई टाकून श्रेडर मोडलास, आता पोलीस बघतील तुझ्याकडे!" कारखान्याचे मालक गरजले. बारा वर्षं ते प्लास्टिकचे तुकडे करणारं यंत्र चालवणारा ऑपरेटर मान खाली घालून उभा होता. तासाभरापूर्वी सगळ्या कामगारांसमोर त्याला हाकललं होतं.

विमा कंपनीने धाडलेल्या डिटेक्टिव्ह बाईंनी मालकांकडे साफ दुर्लक्ष केलं. सोबत त्यांचा दीर होता. तो श्रेडरमध्ये माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर वाकला, तोच वरच्या लोहचुंबकाने त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा हिसकावला.

"वहिनी, हे ओढतं!"

"हात सांभाळा भावजी. डोक्याला धोका नाही, आत काही नाही."

श्रेडरमध्ये मासेमारीची जुनी नायलॉन जाळी अख्खीच्या अख्खी पाती फिरवणाऱ्या दंडाभोवती गुंडाळली होती. वितळून थंड झालेल्या त्या गोळ्यावर सळई आरामात पडली होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

"जाळी आधी कापून आत का नाही टाकली?" बाईंनी विचारलं.

"कापणारी माणसं कालच दुसरीकडे लावली," मुकादम म्हणाला. "हुकूम केबिनमधून आला. मला नका गुंतवू." असले मुकादम पैशाला पासरी मिळतात.

"अख्खी जाळी गुंडाळणार, हे मी ओरडून सांगितलं," ऑपरेटर पुटपुटला.

मालकांचे जावई काचेच्या केबिनमधून पांढरेशुभ्र बूट सांभाळत आले. "मी पाहिलं ना! याने चालत्या पट्ट्यावर सळई ठेवली, ती सरळ आत गेली."

"नक्की?"

"या डोळ्यांनी पाहिलं."

बाईंनी सळई पट्ट्यावर ठेवून पट्टा सुरू करायला लावला. खण्णकन आवाज झाला आणि सळई चुंबकाला लटकली.

"पट्ट्यावरून लोखंड आत जातच नाही. हे ऑपरेटरला ठाऊक, मुकादमाला ठाऊक, आता भावजींनासुद्धा ठाऊक. असली थाप तोच मारेल, ज्याने चालता पट्टा कधी जवळून पाहिला नाही. सळईने यंत्र मोडलं असतं तर तिच्यावर पात्यांचे दात उमटले असते. जाळी न कापण्याचा हुकूम तुमचा. दंड अडकला, गोळा थंड झाला, मग झाकण उघडून तुम्ही सळई वर ठेवलीत. खोटंसुद्धा धड जमलं नाही तुम्हाला!"

"बाबा, मला फक्त काम लवकर उरकायचं होतं..." जावई सासऱ्यांकडे वळले.

मालकांचा आवाज एकदम उतरला. "जाऊ दे, घरातली गोष्ट आहे. तू ये कामावर."

ऑपरेटरने पहिल्यांदाच मान वर केली. "चारचौघांत हाकललंत, साहेब. चारचौघांतच बोलवा. आणि खरं काय ते जावईबापू सांगतील."

मालक आशेने बाईंकडे बघत राहिले. बाई अहवाल लिहीत होत्या. शेवटी मालकांनीच मुकादमाला सगळ्या कामगारांना जमवायला भोंगा वाजवायला सांगितलं.