हळदीच्या चालीवरचं फ्रेंच

माझ्या फ्रेंचवर पहिला संशय घेतला तो शिवहारच्या कुत्र्यानं.

हरभरा निघाल्यावर बाबांनी शिवहारच्या मेंढ्या आमच्या शेतात बसवून घेतल्या होत्या. खत शेताला, बदल्यात ज्वारी मेंढपाळाला. आमच्याही घरी आजोबांपर्यंत मेंढ्याच होत्या. त्या संध्याकाळी मी इयरफोन घालून बांधावरून चालले होते... पाणी म्हणजे ‘ओ’, दूध म्हणजे ‘ले’, असं पुटपुटत. तर हे काळं धूड पुढ्यात येऊन गुरगुरायला लागलं.

“चावत न्हाई तो,” मागून आवाज आला. “तुमी काहून एकट्याच बोलून राहिल्या, तेवढं बघून राहिला फक्त.”

वळून पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला, आणि हसू दाबणारा. मला हसू दाबणारी माणसं मुळीच आवडत नाहीत. “अभ्यास करते,” असं तोऱ्यात सांगून मी वाट धरली.

अभ्यास खराच होता. पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास होता आणि परीक्षा पास झाले तर आमच्या गोरेगावातच घरबसल्या भाषांतराचं काम मिळणार होतं. बाई म्हणाल्या होत्या, रोजच्या वस्तूंची नावं गाण्याच्या चालीत बसवा. मला पाठ असलेली चाल एकच – लग्नातल्या हळदीच्या गाण्याची. आईबरोबर गावातल्या प्रत्येक मांडवात गायले होते ना! मग पाणी, दूध, मीठ, लोकर, भाकरीच्या जागी त्यांचा पाव... सगळं त्यात कोंबलं आणि बांधावरून येता-जाता गात राहिले.

आठवड्याभरात तीच चाल शेतातून ऐकू यायला लागली. मेंढ्या हाकताना शिवहार गात होता, माझेच शब्द! हा माझी टर उडवतोय, यात मला शंकाच उरली नाही. जाब विचारायला गेले, तर कोकरू काखेत धरून तो शांतपणे म्हणाला, “लोकरीला ‘लेन’ म्हणते ना? बराबर हाय?”

“बराबर हाय. पण तुला काय करायचं त्याचं?”

“तुमच्या गाण्याची सवय लागली मेंढ्यांला. तुमी नसल्या का मलाच गावं लागतं.”

साफ खोटं. त्याच्या मेंढ्या माझ्या गाण्यावर ढिम्म असायच्या. तरी मी रोज बांधावर जाऊ लागले. त्याचे उच्चार सुधारायला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ‘पँ’ म्हणजे पाव म्हणताना तो नाकातून असा काही सूर काढायचा, की हसून माझी पुरेवाट व्हायची... आणि मध्येच नजरेला नजर भिडली, की दोघंही उगाच मेंढ्यांकडे बघत बसायचो.

अशात जवळा बाजार गावचं स्थळ आलं. घर बरं होतं, लग्नानंतर मी काम करण्यालाही त्यांची ना नव्हती. मी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणताना नजर शेताकडे वळली होती. बघायला यायच्या आधीच त्यांचा निरोप आला – गावात चौकशी केली, मुलगी दुसरीकडे दिलेली आहे म्हणतात.

बाबांनी सगळं खापर माझ्या फ्रेंचवर फोडलं. पोरगी दिवसभर फोनवर परक्या भाषेत बोलते, लोक दुसरं काय समजणार? त्यांनी क्लास बंद केला, फोन कपाटात गेला. परीक्षा तर अगदी तोंडावर आली होती.

स्थळाची माणसं आधी गुपचूप चौकशी करतात, आणि गाठतात ती वेशीबाहेरच्या माणसाला, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या रुख्मिणीबाईंनी सांगितलं, मोटरसायकलवरचे दोन पाहुणे तुमच्या शेतापाशी थांबले होते, शिवहारनं पाणी पाजलं त्यांना. मी तरातरा शेतात गेले.

“त्यांला काय सांगितलं तू?”

तो काठीनं ढेकळं फोडत राहिला. “मी गाऊन राहिलो होतो. ते म्हणले, हळदीचं गाणं काहून गातो, लगीन कोणाचं हाय? मग तुमचंच विचारलं त्याहीनं... पोरगी कशी हाय म्हणून.”

“मग?”

“म्हणलं, लय चांगली हाय. पण दिलेली हाय.”

“दिलेली? कोणाला?”

“त्याहीनं ते न्हाई विचारलं,” तो हळूच म्हणाला. “विचारलं असतं त मी सापडलो असतो.”

माझे गाल तापले. रागानंच, असं मी ठरवलं. “तुझ्यापायी माझा क्लास बंद झाला,” मी म्हटलं.

त्याला हे माहीत नव्हतं. चेहरा एकदम उतरला. काठी खाली टाकून तो चालायला लागला आणि मला वाटलं, आता हा पळ काढणार. पण तो सरळ आमच्या घराकडे वळला. ओसरीवर बाबा बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग येऊन दाराशी थांबले.

“काका, पाहुण्यांला मीच खोटं सांगितलं. तिच्या शिकण्याचा कायी दोष न्हाई. तिचा क्लास चालू करा. मी उद्या मेंढ्या उठवतो.”

बाबांनी ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“रागिणी, हा म्हणतो खोटं सांगितलं. खोटं होतं का ते?”

दाराची चौकट मी घट्ट धरली. भीती वाटत होती, आणि तो उद्या जाईल याची त्याहून जास्त वाटत होती.

“न्हाई, बाबा,” मी म्हटलं. “खोटं न्हाई ते.”

शिवहारनं दचकून वर पाहिलं. बाबांनी आत हाक मारून आईला माझा फोन द्यायला सांगितला, मग ओसरीवर सरकून जागा केली.

“बस बाबा,” ते त्याला म्हणाले. “मेंढ्या राहू दे अजून.”