सोनूच्या बाटलीवरचा दातवाला गोल

"सेकंड हँड! जुनी मोठी मशीनच घ्याची!" भूपेश ओरडला आणि त्यानं शिंगाड्याचं टरफल नेम धरून रिंकूच्या कपाळावर मारलं.

"छोटी! नवी! माहीवाली!" रिंकूनं त्याचा गुडघा धरून असा खेचला की भूपेश आधी हवेत, मग मातीत आणि मग थेट बकरीच्या अंगावर! बकरीनं शिंग लावलं ते वेगळंच. भूपेशची किंकाळी म्हणे पार पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर ऐकू गेली आणि कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. खोटं वाटत असेल तर त्या बकरीला विचारा!

भांडण होतं गाड्यांवर चिकटवतात ते रेडियम कापायच्या मशीनवरून. रिंकू 'वाघिणी' कबड्डी संघाची कप्तान. जर्सीवरचे आकडे खडूनं काढलेले, त्यामुळे पहिल्याच चढाईत घामानं पुसून जायचे. मग बाद कोण, यावरून पंचापासून प्रेक्षकांपर्यंत सगळे एकमेकांच्या गळ्याला पडायचे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीभर पोरांनी तलावातले शिंगाडे काढून विकले होते. इस्त्रीनं चिकटणारे आकडे आता घरच्या घरी कापायचे होते! ऊर्जानगरचा मावसभाऊ भूपेश मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहून आला होता आणि स्वतःला त्यातला इंजिनिअर समजत होता.

"तेवढ्याच पैशात चंद्रपुरात जुनी मोठी मशीन भेटते. दोन फूट रुंद!" तो मातीतूनच म्हणाला.

"आमची पाठ वीतभर, मशीन खाटेएवढी! ठेवतं कुठी? बंद पडली त पहाले कोण येईन?"

"छोटीले नेट लागते म्हणते. तुमच्या गावात रेंज फक्त चिंचेवर हाय."

"सगळ्याइले नाई लागत. केबलनं चालणारी पाहू ना, भैताड!"

रिंकूचा धाकटा भाऊ सोनू मध्ये पडलाच नाही. तो आपली स्टीलची बाटली पुसत बसला होता. बाटली कसली, चोरबाजार होता तो! लोकांच्या गाड्यांवरचं रेडियम नखानं सोलायचं आणि बाटलीवर चिकटवायचं, हा सोनूचा धंदा. कुणाचा विंचू, कुणाचा अर्धा 'प्रेस', कुणाचा अख्खा 'डॉक्टर'. किती झापडा खाल्ल्या, पण नख काही थांबेना!

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. सुरेंद्रकाका आत आला. सदरा फाटलेला, नाकातून रक्त, एका डोळ्याचं वांगं झालेलं.

"काका! कोणं मारलं?"

"पानठेल्यावर म्हणे, सुरेंद्रनं सागवान खाल्लं. मीनं एकाले देल्ली, तं चौघं आले. मंग मीनं चौघाइले देल्ली." काकानं मूठ उघडली. आत एक दात होता. त्यानं जीभ फिरवून आपले दात मोजले आणि चकित होऊन म्हणाला, "माहा त नाई हा!"

कुणी हसलं नाही. सुरेंद्रकाका वननाक्यावर चौकीदार. मागच्या आठवड्यात एक पांढरी जीप आली. दारावर वनखात्याचं चिन्ह होतं, हिरवा गोल आणि आत वाघाचं तोंड. काकानं आडवा बांबू उचलला, वर सलामही ठोकला! जीपमध्ये ताडपत्रीखाली चोरीचं सागवान होतं. दुसऱ्या दिवशी जंगलात नुसते बुंधे उरलेले. खात्यानं सांगितलं, आपली अशी जीप त्या दिवशी नाक्यावर गेलीच नाही.

"सोमवारी चौकशी हाय," काका नाक दाबत म्हणाला. "नोकरी त गेलीच समजा. पण चोर म्हणून नाव नाई लागाले पायजे रे बाप्पा."

"सोनू होता ना तिथी! डबा घेऊन गेलता. त्यानं पाह्यली जीप!" रिंकू म्हणाली.

"दहा वर्साचा पोट्टा, आन् माहाच पुतण्या. त्याचं कोण आयकते?"

रिंकूनं काकाच्या नाकाला ओलं फडकं लावलं. काकानंच तिला कबड्डीची पहिली पकड शिकवली होती. सोनूनं मात्र बाटली हळूच पाठीमागं नेली.

मशीन नंतर पाहू, असं रिंकू म्हणत होती. काकाच म्हणाला, "जा रे बाबू! माह्यापायी तुमची सुट्टी काऊन नासवता?" म्हणून सकाळच्या एसटीनं तिघं चंद्रपूरला गेले.

भूपेशनं सांगितलेली जुनी मशीन विकणाऱ्या नथ्थू रेडियमवाल्याचं दुकान बोळाच्या टोकाला होतं. मशीन पाहून भूपेशचे डोळे चमकले. चाकांच्या स्टँडवर ती चांगली लांबरुंद होती.

"एक नंबर मशीन!" नथ्थू म्हणाला. "घर्रर्र" आवाज झाला, आणि मशीननं लाल रेडियमवर 'वाघिणी' झोकात कापलं.

"पाह्यलं? मी सांगून राह्यलो होतो ना!" भूपेश नाचायला लागला.

"भाऊ, आता एक गोल कापा," रिंकू म्हणाली.

"गोल कायले पायजे?"

"सहा, आठ, नऊ, सगळ्याइच्या पोटात गोल राह्यते."

रिंकूची माय मासे धरायचं जाळं विणायची. ती सांगायची, जाळ्याच्या तोंडाची दोरी जिथून धरली तिथंच येऊन मिळाली पाहिजे, नाहीतर मासा तुझ्या नाकावर शेपूट मारून जाईल!

नथ्थूनं तोंड वाकडं करत गोल कापला. रिंकूनं सोलून उजेडात धरला. सुरुवात एकीकडं, शेवट दुसरीकडं! जोडावर करवतीसारखा एक दात बाहेर आला होता.

"कागद धरायचं रबर झिजलं," भूपेश खाली मान घालून पुटपुटला. "कागद सरकून राह्यला. सगळेच गोल असे निघतीन."

"हाव ना!" सोनू एकदम बोलला. "असाच दात माह्या बाटलीवर हाय!"

त्यानं बाटली फिरवली. विंचवाखाली हिरवा गोल होता, आत वाघ, आणि काठावर तस्साच दात.

"हे कुठून सोललं?" रिंकूनं त्याचं मनगट धरलं.

"काकानं सोडली ना, त्या जीपवरून. काका बांबू उचलून राह्यला होता तवाच. सांगतलं असतं त काकानं माही हड्डी मोडली असती!"

दुकानात अशी शांतता पसरली की पालीच्या पोटातला डास भिणभिणताना ऐकू येईल. नथ्थूचं तोंड कढीसारखं पिवळं पडलं. त्यानं खाडकन शटर खाली ओढलं. मागच्या दारातून एक मिशीवाला आला, हातात कुऱ्हाडीचा दांडा. दारापलीकडं अंगणात पांढरी जीप उभी होती!

"बाटली दे बे," मिशीवाला म्हणाला.

"घे!" म्हणत सोनूनं भरलेली बाटली त्याच्या पायाच्या अंगठ्यावर हाणली. मिशीवाला एका पायावर असा नाचला की वरचा पंखा आपोआप फिरायला लागला!

मागच्या दाराशी रेडियमच्या कात्रणांचा ढीग होता. रिंकूला त्यात हिरवं काहीतरी दिसलं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

दांडा सणसणत आला. ती वाकली, काउंटरच्या काचेचा चुरा झाला! दुसरा फटका मात्र खांद्यावर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, हात लुळा पडला, पण दम तुटू दिला नाही. "...कबड्डी कबड्डी..." ढिगातून हिरवा कागद ओढला आणि ती मागं वळली. मिशीवाल्यानं वेणी धरली. रिंकूनं त्याच्या हाताला चावा घेतला! तो बोंबलला, पण वेणी काही सोडेना.

"भूपेश! काही त कर!"

भूपेशनं एकदा आपल्या लाडक्या मशीनकडं पाहिलं. "माफ कर माय!" असं म्हणून त्यानं स्टँडला लाथ घातली. चाकं घरंगळली, मशीन सुसाट निघाली. तिनं वाटेत नथ्थूला पोटावर उचललं, मिशीवाल्याला गुडघ्यांत गाठलं आणि दोघांना घेऊन भिंतीवर आदळली. वरच्या फळीवरचे रेडियमचे गुंडाळे दणादण त्यांच्या डोक्यात पडले. नथ्थू उठायला लागला, तशी रिंकूनं त्याच्या घोट्याची पकड केली. सोनू चिकट कागद सोडवत दोघांभोवती गरागरा पळाला. थोड्याच वेळात कुठला पाय कुणाचा, हे त्या दोघांनाही कळेना! नथ्थूनं रागानं एका टाचेला चावा घेतला. ती त्याचीच निघाली!

मग तिघांनी शटर बडवलं. शेजाऱ्यांनी ते उघडलं, पाठोपाठ हवालदार आला.

"काय रे, दुसऱ्याच्या दुकानात दंगा?" त्यानं पहिल्यांदा भूपेशचाच कान धरला.

"कान धरा, पण आधी हे पाहा!" रिंकूनं हिरवा कागद उलगडला. मधलं चिन्ह कापून काढल्यामुळं त्याला गोल भोक पडलेलं, आणि भोकाच्या काठाला एक खाच. तिनं सोनूच्या बाटलीवरचा गोल अलगद सोलला आणि भोकात ठेवला. दात बरोबर खाचेत बसला!

हवालदारानं कान सोडला. जीपची ताडपत्री उचलली, तर खाली सागवानाच्या ढलप्या.

सोमवारी चौकशी झाली, पण ती नथ्थूची. रेंजर साधना मॅडम स्वतः गावात आल्या. पानठेल्यावरचे चौघं मान खाली घालून उभे होते. काकानं त्यातल्या पुढचा दात पडलेल्या माणसाला कागदाची पुडी दिली. "घे बाप्पा, तुहा दात."

"आम्ही मोठी माणसं चिन्ह बघून फसलो," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "या पोरांनी नीट पाहिलं. रिंकू, तुझ्यासारखी नजर माझ्या खात्यात हवी. सोनू, तुझ्या नखाला शाबासकी द्यावी की बेडी घालावी, तेच कळत नाही!"

गाव हसलं, टाळ्या पडल्या. शिंगाड्याच्या पैशातून शेवटी आणलेली नवी छोटी मशीन बघून मॅडम निघाल्या. सगळे त्यांच्या मागोमाग नाक्यापर्यंत गेले. काका पुन्हा कामावर हजर होता. पण बांबू काही उठेना!

"काय झालं सुरेंद्र? मीच आहे ना!"

"तोंड ओळखतो, मॅडम. मागच्या बारीले चिन्ह पाह्यलं, तोंड नाई पाह्यलं. आता दोन्ही पायजे. तुमच्या दारावरचं चिन्ह कुठी हाय?"

मॅडमनी वाकून पाहिलं. दार कोरं करकरीत! सगळ्या माना सोनूकडं वळल्या. सोनूनं बाटली पाठीमागं नेली.

मॅडम इतक्या हसल्या की त्यांची टोपी पडली. सोललेला गोल तर धुळीनं माखला होता, चिकटेचना. रिंकू धावत जाऊन मशीन घेऊन आली. नाक्याच्या टेबलावर मॅडमच्या देखतच हिरवा गोल कापला गेला. जिथून सुरू झाला, बरोबर तिथंच येऊन मिळाला. काकानं काठावरून बोट फिरवलं, दात नव्हता. त्यानं तो दारावर चिकटवला, मॅडमचं तोंड पाहिलं, कडक सलाम ठोकला आणि बांबू वर केला.

सोनूही टाळ्या वाजवणार होता. पण भूपेशनं त्याचे दोन्ही हात मागं बांधून ठेवले होते. रेडियमनंच!