जेबेल जैसवरची हजेरी

शनिवारी सकाळी शैलेंद्रने साबुदाण्याची खिचडी केली. ती गिचगोळा झाली. तरी डब्यात भरली आणि तो शारजातल्या अल मजाजच्या घरातून खाली उतरला. त्याची बायको मंजुषा जाऊन आठ महिने झाले होते.

गाडी राजनची. दोघेही रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात होते. तिथला भट्टीचा इंजिनिअर एंझो दर हिवाळ्यात चार इटालियन जमवून जेबेल जैस डोंगरावर आजोबांच्या लष्करी डिव्हिजनची आठवण करायचा.

"शैलेंद्रभाई, उनका चीज अच्छा होता है," राजन म्हणाला. "रोना-धोना वो लोग करेंगे."

वर वारा बोचरा होता. कठड्यापाशी उभं राहून एंझोने सगळं सांगितलं. डोंगरातलं पायदळ, खेचरांवर लादलेल्या तोफा. एकोणीसशे त्रेचाळीसच्या सप्टेंबरात इटलीने हार मानली तेव्हा ही माणसं मोंटेनेग्रोत होती. जर्मनांनी बंदुका मागितल्या. यांनी दिल्या नाहीत, उलट त्यांच्याशीच लढले. मग बर्फ पडला, टायफस आला. खेचरं कापून खाल्ली. पुष्कळ जण तिथेच राहिले.

"मेलेल्याचं नाव घेतलं की बाकीच्यांनी म्हणायचं, प्रेझेंते. हजर. म्हणजे तो एकटा पडत नाही."

इटालियनांनी टोप्या काढल्या. एंझो तोंडपाठ नावं घेऊ लागला. प्रत्येक नावाला सगळे मिळून ओ देत, मागोमाग दरी देई. प्रतिध्वनी, शैलेंद्रने ठरवलं. टाइल ठोकून नुसत्या आवाजावरून तडा ओळखणारा माणूस तो, कानाचा पक्का.

थोड्या वेळाने दरी त्यांच्या आधीच ओ देऊ लागली.

"तुझं कोणी?" एंझोने विचारलं.

गेलेल्या माणसाला हाक मारू नये, असं आई सांगायची. शैलेंद्रला ते कधीच पटलं नव्हतं. मंजुषाला एकटीला झोपायची भीती वाटायची, आणि आता ती एकटी होती. आठ महिने त्याला एवढंच खुपत होतं.

"मंजुषा," त्याने खणखणीत हाक दिली.

इटालियनांना नाव नीट कळलं नाही. ते गप्प राहिले.

खालून पुरुषांचे आवाज आले. पुष्कळ, दमलेले, एकदम.

"प्रेझेंते."

"चलो, खलास," राजन गाडीकडे सरकत म्हणाला.

शैलेंद्र हलला नाही. त्याला बरं वाटलं. ती माणसांत होती.

मग खालून तिचा आवाज आला. घरात ती शैलू म्हणायची, चार लोकांत पूर्ण नाव घ्यायची.

"शैलेंद्र."

त्याने ओ द्यायला तोंड उघडलं.

त्याच्याआधी एंझो आणि त्याची माणसं, टोप्या छातीशी धरून, सवयीने म्हणाली, "प्रेझेंते."